फौजेतून आलात, पुण्यात राहिलात, पण झोप लागत नाही: माजी सैनिक आणि घरच्यांसाठी कुठे जायचं, कसं जायचं

दिघी, विश्रांतवाडी, धानोरी, लोहगाव, खडकी, वानवडी. या पट्ट्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवर ‘ओ मेजर’ अशी हाक मारली, तर दोन-तीन माना हमखास वळतात. गाव साताऱ्याकडचं असो की बीडकडचं, पेन्शनवर आलं की मुलांच्या शिक्षणासाठी पुण्यात घर करायचं, ही रीतच पडली आहे. नवीन आलेल्याला कॅन्टीन कुठे, पॉलिक्लिनिक (माजी सैनिकांचा दवाखाना) कुठे, हयातीचा दाखला कुठे, हे आठवड्याभरात कुणी ना कुणी सांगतं. डोक्यात काही बिघडलंय असं वाटलं तर कुठे जायचं, हे मात्र कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

मी माजी सैनिकांच्या एका संघटनेत कागदपत्रांच्या टेबलावर बसतो. तिथे माणूस येतो पीपीओमधली (पेन्शनच्या आदेशातली) चूक दुरुस्त करायला आणि उठता उठता विचारतो, "झोपेची गोळी पॉलिक्लिनिकात मिळते का हो?" हा लेख त्या उठता उठता विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

आधी कॅटेगरीची भीती काढून टाका

नोकरीत असताना ‘शेप’, म्हणजे फौजेतली मेडिकल कॅटेगरी ठरवायची पाच अक्षरं, प्रत्येकाला पाठ असतं. त्यातला पहिला ‘एस’ मनाचा. तो एकदा घसरला की प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग, हातातलं हत्यार, सगळ्यावर परिणाम होतो. म्हणून वीस-बावीस वर्षं माणूस ‘सब ठीक है साहब’ म्हणत राहतो. घरी आल्यावरही तोंडातून तेच निघतं.

डिस्चार्ज झाल्यावर तुमची मेडिकल कॅटेगरी कुणी ठरवत नाही. मनोविकारतज्ज्ञाकडे गेलात म्हणून सर्व्हिस पेन्शनचा एक रुपया कमी होत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार तुमचा आजार आणि उपचार यांची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टर आणि रुग्णालयावर बंधनकारक आहे. (तुम्हीही ती युनिटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. रिपोर्टचा फोटो ‘कुणाला समजतं का बघा’ म्हणून टाकणारे महाभाग पाहिलेत.)

दोन ठिकाणी मात्र या उपचारांचा संबंध येऊ शकतो, तेही सांगून टाकतो. एक, डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्ये) पुन्हा भरती व्हायचं असेल तर तिथे मेडिकल होतं. दुसरं, शस्त्र परवाना. घरातल्या हत्याराबद्दल पुढे सांगतो. पण डीएससीसाठी म्हणून आजार दोन वर्षं लपवायचा, हा हिशोब मला कधीच पटलेला नाही. दोन वर्षांनी त्या मेडिकलला माणूस आणखी वाईट अवस्थेत पोचतो.

‘मी तर लढाई पाहिलीच नाही’

हे वाक्य फार ऐकतो. ट्रॉमा, म्हणजे मनावरचा खोल आघात, फक्त कारगिल, काश्मीर नाहीतर श्रीलंकेत होतो, असा एक समज आहे. तिथे राहिलेल्यांना त्रास होतो हे खरंच. तेच स्वप्न पुन्हा पुन्हा पडणं, आवाजाने दचकणं, हॉटेलात भिंतीला पाठ लावून दरवाजाकडे तोंड करूनच बसणं, त्या विषयावर कुणी बोललं तर उठून जाणं. हे महिन्याहून जास्त चाललं आणि रोजच्या जगण्यात अडथळा येऊ लागला, तर डॉक्टर पीटीएसडीचा, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराचा, विचार करतात.

पण टेबलावर येणाऱ्यांत मला त्याहून जास्त दिसतं ते साधं नैराश्य, नाहीतर दारू. चाळिशीच्या आत-बाहेर नोकरी संपते. काल हाताखाली तीस जवान होते, आज आयटी कंपनीच्या गेटवर बारा तास गाड्यांचे नंबर लिहायचे. बायकोने वीस वर्षं घर एकटीने चालवलेलं असतं. हा येतो आणि सकाळी सहाला सगळ्यांना उठवून हजेरी घ्यायला लागतो. मुलं तोंडावर काही बोलत नाहीत, पण बाबा घरात आले की आपापल्या खोलीत जातात. याला गोळी लागली नव्हती, स्फोट झाला नव्हता. तरी हा माणूस आजारी पडू शकतो, आणि त्याच्यासाठीही हाच रस्ता आहे.

एक सावधगिरी. सगळंच मनाचं असतं असंही नाही. थायरॉइड, बी१२ची कमतरता, साखर, डोक्याला झालेली जुनी इजा, यांनीही चिडचिड आणि विसराळूपणा येतो. सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना रात्री घर ओळखू येत नसेल, तर ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात असू शकते. म्हणून पहिल्याच भेटीत रक्ताच्या तपासण्या करून घ्या.

आज रात्रीच बोलायचं असेल तर: १४४१६

कार्ड, रेफरल (तज्ज्ञाकडे पाठवणारी चिठ्ठी), रांग हे सगळं दिवसाचं काम. रात्री दोन वाजता छातीत धडधडतंय आणि नको नको ते विचार येतायत, तेव्हा टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर लावा. ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली आणि चोवीस तास चालते. भाषा निवडताना मराठी निवडा. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर पुढे मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतात.

पुण्यातल्या माणसाला एक गोष्ट माहीत हवी. सैन्यदलांतल्या लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेलि-मानसचा खास कक्ष १ डिसेंबर २०२३ ला आपल्या वानवडीच्या एएफएमसीतच, म्हणजे सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातच, सुरू करण्यात आला. फोनवर सुरुवातीलाच ‘मी माजी सैनिक आहे’ किंवा ‘माझे मिस्टर फौजेत होते’ असं सांगा. समोरच्याला अर्धी गोष्ट तिथेच कळते.

फौजेच्या कुठल्याच माणसाशी बोलायचं नसेल, तर पुण्यात ‘कनेक्टिंग’ ही संस्था आहे. तिचे स्वयंसेवक सल्ला देत नाहीत, ऐकून घेतात. काहींना नेमकं तेच हवं असतं.

आणि जिवाला धोका आहे असं दिसलं, माणसाने काही खाल्लंय किंवा करून घेतलंय, तर फोनवर समुपदेशन करत बसू नका. १०८ ला अॅम्ब्युलन्स बोलवा. पोलीस केस होईल या भीतीने घरीच ठेवू नका. २०१७ च्या कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस प्रचंड तणावाखाली होता असं गृहीत धरलं जातं आणि सहसा त्याच्यावर खटला चालवून शिक्षा करता येत नाही.

पॉलिक्लिनिकचा रस्ता

पेन्शनवाल्यांसाठी मुख्य दार ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची वर्गणीवर चालणारी आरोग्य योजना. पॉलिक्लिनिकं तिचीच. १ एप्रिल २००३ नंतर निवृत्त झालेल्या पेन्शनरला याचं सदस्यत्व सक्तीचंच आहे, वर्गणी आधीच कापून घेतलेली असते. तरी कार्ड काढायचं राहून गेलेले बरेच असतात. आधी ते काम करा. पत्नी, पंचवीसच्या आतला बेकार मुलगा, लग्न न झालेली आणि न कमावणारी मुलगी, अवलंबून असलेले आई-वडील, सगळे यात येतात. म्हणजे नैराश्य बायकोला आलं असेल तरी उपचार याच कार्डावर होतात. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

कार्ड काढताना घोडं अडतं ते नावात. आधारवर ‘सुनीता’, रेकॉर्डमध्ये ‘सुनिता’, आणि पीपीओत भलतंच काही. हे पार्ट टू ऑर्डरने (नोंदीतल्या बदलाच्या लेखी आदेशाने) आपापल्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडूनच दुरुस्त होतं. बॉम्बे सॅपर्सवाल्यांना खडकी जवळ पडते, मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांना बेळगाव गाठावं लागतं. माणूस आजारी पडल्यावर हे करायला घेतलं तर जीव मेटाकुटीला येतो. तब्येत बरी आहे तोवर उरकून घ्या.

आता प्रत्यक्ष दिवस. पॉलिक्लिनिकात सकाळी लवकर जा. कार्ड, आधार, मोबाइल आणि जुने मेडिकल कागद जवळ ठेवा. टोकन घेऊन मेडिकल ऑफिसरपुढे बसलात की तुमच्या वाट्याला चार-पाच मिनिटं येतात. बाहेर बीपी-शुगरवाल्यांची रांग असते, मागचा माणूस दाराशीच उभा असतो. त्या चार मिनिटांत ‘साहेब, झोप येत नाही’ एवढंच म्हणालात, तर पाच झोपेच्या गोळ्या घेऊन परत याल.

म्हणून घरूनच चिठ्ठी लिहून न्या. एकाला मी लिहून दिली होती ती साधारण अशी:

‘चार महिन्यांपासून रात्री दोनला जाग येते, मग झोप नाही. आठवड्यातून तीन-चारदा तेच स्वप्न. घाम फुटतो. गर्दीत जात नाही, पुतण्याच्या लग्नालाही गेलो नाही. संध्याकाळी रोज तीन-चार पेग. मागच्या महिन्यात मुलावर हात उचलला. जगायचा कंटाळा आला असं मनात येतं. बीपीची गोळी चालू आहे. मला मनोविकारतज्ज्ञाकडे रेफर करावं ही विनंती.’

तोंडाने यातलं निम्मंही बोलवत नाही. कागद पुढे सरकवला की डॉक्टर वाचतात आणि मान वर करून एकदा तुमच्याकडे बघतात. काम तिथेच निम्मं होतं. दारूचा आकडा खरा लिहा. जगायचा कंटाळा आल्याचं मनात येत असेल तर ते वाक्य खोडू नका. रेफरल किती निकडीचं, हे त्यावरून ठरतं.

पॉलिक्लिनिकात सहसा मनोविकारतज्ज्ञ बसत नाही. तिथून कमांड हॉस्पिटलला (फौजेच्या मोठ्या रुग्णालयात) नाहीतर पॅनेलवरच्या, म्हणजे ईसीएचएसने मान्यता दिलेल्या, खासगी रुग्णालयात पाठवतात. वानवडीच्या कमांड हॉस्पिटलमध्ये फौजी माणसाची भाषा समजते. गार्ड, आरआर, कंपनी, फॉरवर्ड पोस्ट म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. पण तिथे कॉरिडॉरमध्ये जुना सीएचएम (कंपनी हवालदार मेजर) भेटेल म्हणून जायचंच नाही, असं होणार असेल, तर मेडिकल ऑफिसरला स्पष्ट सांगा आणि पॅनेलवरच्या रुग्णालयाचं नाव मागा. तुम्ही जिथे खरंच पाय ठेवणार तेच रुग्णालय चांगलं, असं माझं मत. पॅनेलची यादी बदलत असते. कुठे मनोविकार विभागही पॅनेलमध्ये आहे, हे रेफरल घेतानाच खिडकीवर विचारा. रुग्णालय पॅनेलवर आहे, पण हा विभाग नाही, असंही होतं.

रेफरलला मुदत असते, ती त्याच कागदावर बघा आणि संपण्याआधी पुढचं घ्या. अचानक दाखल करावं लागलं आणि तेही पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. हे काम शेजाऱ्याला नाहीतर भावाला वाटून द्या. रुग्णाजवळ बसलेल्या बाईच्या ते ध्यानात राहत नाही.

तज्ज्ञाकडे गेल्यावर बहुधा दोन गोष्टी होतात, गोळ्या आणि बोलणं. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात मळमळतं, तोंड कोरडं पडतं आणि फरक तर काहीच जाणवत नाही. निम्मे लोक तिथेच सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. ट्रॉमासाठी बोलण्याच्या खास पद्धती आहेत. ‘ट्रॉमावर काम करणारा मानसशास्त्रज्ञ आहे का?’ असं नेमकं विचारा. रात्रपाळी करत असाल तर तेही सांगा. गुंगीची गोळी खाऊन गेटवर उभं राहता येत नाही, आणि रात्रपाळी चालू ठेवून झोप सुधारतही नाही. दोन-तीन महिने दिवसपाळी मागून बघा.

ईसीएचएस नसेल तर

पेन्शन न बसता बाहेर पडलेल्यांना हे दार बंद असतं. त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करून माजी सैनिक ओळखपत्र घ्यावं. पेन्शन नसलेल्यांसाठी केंद्रीय सैनिक बोर्डाच्या वैद्यकीय मदतीसारख्या योजना आहेत, अर्ज याच कार्यालयातून जातो. वीरपत्नी आणि वीरमाता-पित्यांनीही हे कार्यालय धरून राहावं. उपचारासाठी ससूनचा मनोविकार विभाग, औंधचं जिल्हा रुग्णालय आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. येरवडा म्हटलं की लोक दचकतात. पण तिथे ओपीडीही आहे. दाखवून, औषध घेऊन माणूस दुपारी घरी येतो.

अपंगत्व आलेल्या जवानांसाठी पुण्यात बरंच काही आहे. १९४४ पासूनचं कृत्रिम अवयव केंद्र, खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर, तिथलंच क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट. पाय नवा बसतो, हातात काम येतं, पण मनाचं तिथे आपोआप होईल असं धरून चालू नका. वेगळं मागा.

दारूचं काय

कॅन्टीनचा कोटा हा आपल्याकडे मानाचा विषय आहे. पाहुण्याला बाटली देता येते, अडलेलं काम होतं. पण ज्याला रोज लागते त्याच्या घरात महिन्याच्या महिन्याला स्वस्तात साठा येत राहतो. उपचार चालू असताना कोटा उचलायचाच नाही, असं नवरा-बायकोने मिळून ठरवावं. कार्ड कपाटात राहू द्या, किराणा आणायला तेवढं काढा.

बरीच वर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने ‘उद्यापासून बंद’ असं घरच्या घरी करू नये. एक-दोन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, आणि यात जीवही जाऊ शकतो. दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवायची.

येरवड्यात आळंदी रस्त्याच्या बाजूला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथे बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. नवरा यायला तयार नसेल, तरी बायकोने आधी चौकशीला जावं. फी, प्रवेश आणि ईसीएचएस कार्डावर काय बसतं, हे फोनवर विचारून मगच निघा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मराठी सभाही शहरात भरतात. तिथे हुद्दा कुणी विचारत नाही. सुभेदार साहेबांना पहिल्या दिवशी हे जड जातं, पुढे बरं वाटू लागतं.

‘रात्रीत उचलून नेतो, तीन महिन्यांत सुधारून देतो’ असं सांगणाऱ्या केंद्रांपासून चार हात लांब राहा. मानसिक आरोग्य आस्थापनेला राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. प्रमाणपत्र मागा. घरच्यांना भेटू देत नसतील तर तिथे ठेवूच नका.

घरातली बंदूक

गनमनच्या नोकरीसाठी बऱ्याच जणांनी बारा बोर घेतलेली असते. माणूस निराश आहे, पितो आणि बंदूक कपाटात, हे तिन्ही एका घरात असता कामा नये. निवडणुकीच्या वेळी आपण हत्यार जमा करतोच. तसंच ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवता येईल का, याची चौकशी करा आणि पावती घ्या. त्याला ‘तू धोकादायक आहेस’ असं ऐकवू नका. ‘औषध चालू आहे तोवर तिकडे राहू दे,’ एवढं पुरतं. गेटवरची नोकरी काही महिने विनाहत्यार करता येते.

बायकोसाठी आणि मुलांसाठी

तो जायला तयार नसेल, तर १४४१६ ला तुम्ही फोन करा. स्वतःसाठीही करा. स्किझोफ्रेनियासारखा लांबणारा आजार निघाला, तर धायरीच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनमध्ये कुटुंबीयांचे गट आहेत. अशी माणसं सांभाळणाऱ्या इतर बायका भेटल्या की अर्धं ओझं उतरतं.

समजावण्याचं काम शक्यतो त्याच्या बॅचमेटकडे द्या. सासऱ्याने, मेव्हण्याने सांगितलेलं फौजी ऐकत नाही. पण बरोबर बंकरात राहिलेला दोस्त म्हणाला, ‘चल रे, मीही जाऊन आलोय’, की उठतो.

स्वप्नात ओरडत असेल तर हाताने हलवून उठवू नका. थोडं लांब उभं राहून नावाने हाक मारा, दिवा लावा, ‘तुम्ही पुण्यात आहात, घरात आहात’ असं सांगा. झोपेतच हात उठतो आणि मग सकाळी त्यालाच तोंड दाखवायची लाज वाटते.

गणपती आणि दिवाळी

पुण्यात ही सूचना वेगळी द्यायलाच हवी. अनंत चतुर्दशीचे ढोल-ताशे आणि स्पीकरच्या भिंती एक वेळ सहन होतात, कारण तो आवाज सलग असतो आणि येताना कळतो. पहाटे पाचला खिडकीखाली फुटणारा सुतळी बॉम्ब तसा नसतो. झोपेतून उठून माणूस कॉटखाली गेलेला असतो, समोर मुलं उटण्याची वाटी घेऊन उभी असतात.

नरक चतुर्दशीच्या दहा-पंधरा दिवस आधीची अपॉइंटमेंट घ्या आणि डॉक्टरांना सांगा. सोसायटीच्या चेअरमनला भेटून फटाके मैदानाच्या कोपऱ्यात, ठरलेल्या वेळी वाजवायला सांगा. कारण सांगायचंच असं नाही, ‘घरात आजारी माणूस आहे’ म्हटलं तरी चालतं. पहाटे त्याला फटाक्यांच्या आधीच उठवा, चहा द्या. जागेपणी आलेला आवाज निम्माच लागतो. चार दिवस गावी मळ्यातल्या घरी जाता आलं तर त्याहून उत्तम.

गावी निघताना मात्र औषधं मोजून घ्या. पॉलिक्लिनिकातून साधारण महिन्याचीच मिळतात, आणि मनाची औषधं कधी कधी साठ्यात नसतात. नसली तर अधिकृत केमिस्टकडून मागवून देण्याची सोय आहे का, ते तिथेच विचारा. स्वतः विकत घेण्याआधी बिल मंजूर होईल का, हेही विचारून घ्या. साताऱ्यालाही पॉलिक्लिनिक आहे. मोठा मुक्काम असेल तर चालू औषधांच्या चिठ्ठीची झेरॉक्स बरोबर न्या, आणि मध्येच गोळ्या संपल्या म्हणून एकदम बंद करू नका.